एल्मस्टोकची दवंडी

प्रमिलाबाई शेटे यांचा आवाज त्यांच्या घरात कित्येक वर्षं एखाद्या व्रात्य पोरासारखा सांभाळला गेला होता. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवायचं, चारचौघांत न्यायचं तर आधी दम भरायचा, आणि तरीही कधी तो सुटलाच तर सगळ्यांनी मिळून ओशाळं हसायचं.

आवाज मुळात वडिलांचा. सांगलीच्या वखारभागात ते एका अडत्याकडे हळदीच्या सौद्यात बोली पुकारायचे. पोत्यांच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकायचा, हळदीच्या धुळीनं सगळ्यांचे सदरे पिवळे व्हायचे, आणि त्या गलक्यावरून वडिलांचा पुकारा असा जायचा की रस्त्यापलीकडे स्वयंपाकघरात आईला कळायचं, सौदा संपत आला, भात टाकायला हरकत नाही. सगळ्या भावंडांत तो आवाज नेमका प्रमिलाच्याच वाट्याला आला. शाळेत प्रार्थना सांगायला प्रमिला, गणपतीत आरती उचलायला प्रमिला, आणि शेजारच्यांची म्हैस नदीकडे गेली तर तिला परत बोलवायलाही प्रमिलाच.

मग लग्न झालं आणि सूर्यकांतरावांना कॅनडात विंडसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियरची नोकरी मिळाली. पहिला संसार अपार्टमेंटमध्ये, भिंती पापडाइतक्या पातळ. दिवाळीला सांगलीला फोन लागला तेव्हा प्रमिलाबाई आनंदाच्या भरात अशा काही बोलल्या की खरं म्हणजे मध्ये टेलिफोनची गरज नव्हती. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. सूर्यकांतराव पांढरेफटक पडले. घरमालक बाहेर काढेल, कारखान्यात कळेल, काय काय त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं कोण जाणे. त्यांनी उजवा हात छातीसमोर धरला, तळवा खाली, आणि हवेतलं काहीतरी दाबल्यासारखा सावकाश खाली नेला. हळू.

तो हात मग खाली जातच राहिला. बँकेत, डॉक्टरांकडे, ग्रोसरीच्या रांगेत, लेकीच्या शाळेच्या मीटिंगमध्ये. साक्षी मोठी झाली तशी तीही आईला डोळ्यांनीच खुणावू लागली, ‘आई, व्हॉल्यूम.’ प्रमिलाबाई शिकल्या. इतक्या शिकल्या की घरातसुद्धा हाक मारणं सुटलं. सूर्यकांतरावांचा मुक्काम कायम बेसमेंटमध्ये, त्यांच्या मोडक्या घड्याळांच्या दुरुस्तीत. जेवण झालं की प्रमिलाबाई जिन्याच्या तोंडाशी जाऊन बेसमेंटच्या दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायच्या. दिवा लुकलुकला की नवरा वर येई. सोय छान होती आणि दोघांनाही तिचं काही वाटत नव्हतं. माळ्यावर टाकलेली वस्तू आपल्याकडे आहे हेच माणूस विसरतो, तसं त्या आवाजाचं झालं होतं.

निवृत्तीनंतर दोघं एल्मस्टोकला राहायला आले, कारण साक्षी किचनरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती आणि तिथून हे गाव पाऊण तासावर.

एल्मस्टोक असलं ऑन्टॅरिओत, तरी त्याचं सगळं मन इंग्लंडात. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका बाजारगावाहून निघालेल्या काही कुटुंबांनी इथलं जंगल तोडलं, आणि नव्या देशात काही नवं करावं हे न सुचून आपलं जुनंच गाव जसंच्या तसं पुन्हा बांधलं. मधोमध फरसबंद चौक. चौकात बटर क्रॉस, म्हणजे दगडी खांबांवरचं एक छप्पर, ज्याच्या सावलीत शेतकऱ्यांच्या बायका लोणी विकायला बसत. समोर धान्यबाजाराची इमारत, शेजारी सराई. सराईची कमान ही उंच, कारण घोडागाडी टपावरच्या माणसांसकट आत गेली पाहिजे. कोपऱ्यात लाकडी खोडा. वजनात काटा मारणाऱ्या पाववाल्याचे पाय त्यात अडकवत म्हणे, आणि आता टोरांटोहून आलेली माणसं हौसेनं पाय घालून फोटो काढतात. पलीकडे चर्च आणि त्याच्या मनोऱ्यात दोर ओढून वाजवायच्या घंटा. शिवाय दर शनिवारी बाजार.

सूर्यकांतरावांना गाव आवडलं ते सराईच्या तुळयांची जोडणी पाहून. प्रमिलाबाईंना आवडलं कारण शनिवारी चौकात उभं राहून डोळे मिटले की थेट सांगली ऐकू यायची. तेच भाव विचारणं, तेच टोपल्यांचं सरकवणं, आणि एवढंच कशाला, इथे पुकाराही होता. वॉल्टर नावाचे एक भले थोरले गृहस्थ लाल कोट आणि तीनकोनी टोपी घालून बटर क्रॉसच्या पायऱ्यांवर चढायचे, पितळी घंटा हलवायचे आणि खर्जात ओरडायचे, “ओये! ओये! ओये!” ब्रॅम्प्टनच्या रस्त्यात एका पंजाबी ट्रकवाल्यानं दुसऱ्याला हाक मारावी, तसंच प्रमिलाबाईंना पहिल्यांदा वाटलं होतं. पण तो जुना शब्द होता, त्याचा अर्थ ‘ऐका’. ऐका हो ऐका. आपल्याकडच्या दवंडीला ढोल आणि इथे घंटा, एवढाच काय तो फरक. आलेल्या पाहुण्यांना आज गावात काय पाहायचं, काय खायचं, कुठे चढायचं हे वॉल्टर ओरडून सांगत आणि मग सगळ्यांना घेऊन गावभर फिरवत. नकाशे होते, फोनवर सगळं होतं. पण पाहुण्यानं फोनमध्ये बघत हिंडावं हा एल्मस्टोकला आपला अपमान वाटायचा.

यंदा ऑगस्टमधल्या एका शनिवारी एक बाई आपली हँडबॅग चौकातल्या हातपंपाच्या कठड्यावर विसरून निघाली. ती पार सराईच्या कमानीपाशी पोचली होती, बस सुटायला आलेली. प्रमिलाबाईंनी बॅग पाहिली, बाई पाहिली, मधली गर्दी पाहिली. पुढचं काही त्यांनी ठरवून केलं नाही.

“ओ बाई! बॅग!”

मराठीतच. चौकातली कबुतरं एकदम उडाली. चीज कापणाऱ्याची सुरी थांबली. ती बाई कमानीखाली गर्रकन वळली, आणि तिच्याबरोबर बसमधली माणसंही वळली. सूर्यकांतरावांचा हात तळवा खाली करून सवयीनं खाली गेला.

“सॉरी, सॉरी,” प्रमिलाबाई आजूबाजूच्यांना म्हणाल्या.

“सॉरी कशाबद्दल?” मागून घोगरा आवाज आला. वॉल्टर होते, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले. ऐन ऑगस्टात. ते कुजबुजल्यासारखं बोलत होते. घसा कायमचा बसलाय, डॉक्टरांनी ओरडणं बंद करायला सांगितलंय, आणि सप्टेंबरअखेरीस सुगीच्या बाजाराला गाव नवा दवंडीवाला निवडणार आहे, असं त्यांनी सांगितलं. चौकात स्पर्धा होईल. माइक मिळणार नाही. “मिसेस शेटे, हा आवाज तुम्ही आजवर ठेवला होता कुठे?”

असा प्रश्न प्रमिलाबाईंना कुणी विचारलाच नव्हता.

घरी येईपर्यंत त्यांना एक गोष्ट स्पष्ट कळली होती. त्यांना ती घंटा हवी होती. साडी, दागिना, घर, प्रवास, यांतलं काहीही त्यांनी आयुष्यात इतक्या उघडपणे मागितलं नव्हतं. लाल कोट नसला तरी चालेल, पण त्या पायऱ्यांवर उभं राहून आपल्या खऱ्या आवाजात लोकांना हाक मारायची, आणि लोकांनी यायचं, एवढं एकदा तरी झालंच पाहिजे असं त्यांना वाटू लागलं.

रात्री फोनवर साक्षी जवळजवळ किंचाळलीच. “आई, यू मस्ट अप्लाय! सीरियसली. बाबा, तुम्ही फॉर्म भरा, ती उगाच चेंज ऑफ माइंड करेल.”

सूर्यकांतरावांनी फॉर्म भरला. कामाला लागल्यावर तो माणूस मागे हटणारा नव्हता. पहिल्या फेरीत प्रत्येकानं स्वतः लिहिलेली दवंडी द्यायची होती, गावात काय पाहावं आणि काय करावं यावर. दुसऱ्या फेरीत आयत्या वेळी हातात दिलेली. सूर्यकांतरावांनी पहिल्या फेरीसाठी जे लिहून आणलं त्यात बटर क्रॉसच्या खांबांचा व्यास होता.

“अहो, लोक जेवायला आलेत, मोजमाप घ्यायला नाही,” प्रमिलाबाई म्हणाल्या आणि स्वतः लिहायला बसल्या. खोड्यात पाय घाला पण बायकोला किल्ली देऊ नका, मनोऱ्यावर चढा म्हणजे खाली उतरल्यावर टीरूममधला चहाबरोबरचा स्कोन गोड लागेल, असलं काहीतरी त्यांनी लिहिलं. शेवटी रिवाजाप्रमाणे ‘गॉड सेव्ह द किंग’ म्हणायचं होतं.

“तुझे आजोबा बेचाळीस साली तुरुंगात गेले होते,” सूर्यकांतरावांनी आठवण करून दिली.

“आजोबा असते तर म्हणाले असते, म्हणायचंच आहे तर निदान कुणाला ऐकू जाईल असं म्हण.”

सराव कुठे करायचा हा मोठाच प्रश्न होता. घरात शक्य नव्हतं. शेजारच्या मार्गारेटबाईंचं हृदय नाजूक. पहिले दोन दिवस गाडीत झाला, काचा बंद करून, साक्षीकडे जाता-येता. सूर्यकांतरावांचे कान संध्याकाळपर्यंत वाजत राहिले. मग त्यांनी गावाबाहेरचा मक्याच्या शेतांमधला कच्चा रस्ता शोधून काढला. मका डोक्यावर गेलेला, आसपास चिटपाखरू नाही. प्रमिलाबाईंनी एका टोकाला उभं राहायचं आणि सूर्यकांतरावांनी लांब लांब चालत जायचं. ऐकू आलं की त्यांनी डोक्यावरची टोपी काढून उंच धरायची, ही खूण.

“ओये!” प्रमिलाबाई ओरडायच्या. टोपी वर.

सूर्यकांतराव आणखी लांब. “ओये!” टोपी वर.

शेवटी ते नखाएवढे दिसायला लागले तरी टोपी वर गेलीच. परत येताना त्यांच्या बुटांना चिखल होता आणि चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. “अगं,” ते म्हणाले, “हा तर मैलभर जातो.” जणू हा आवाज त्यांनी आजच पाहिला होता.

स्पर्धेचा दिवस लख्ख उन्हाचा उजाडला. मेपलची पानं कडेकडेनं लाल व्हायला लागली होती. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. कणसं, सफरचंदं, भोपळ्यांचे ढीग, भाजलेल्या सॉसेजचा धूर. प्रमिलाबाईंनी हिरवं इरकल नेसलं होतं, त्यावर साक्षीचा लाल कोट, आणि डोक्यावर वॉल्टरनी उसनी दिलेली तीनकोनी टोपी, जी कानांवर येत होती. परीक्षक चौकाच्या पार टोकाला, चर्चच्या फाटकाशी बसले होते. सूर्यकांतराव त्यांच्याही मागे, भोपळेवाल्याच्या गाड्याशेजारी उभे राहिले. खूण तीच, टोपी.

आधी अग्निशमन दलातला एक निवृत्त माणूस ओरडून गेला, मग शाळेतला नाटकाचा मास्तर. दोघेही तयारीचे. मग प्रमिलाबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या पायऱ्या चढल्या, घंटा हलवली, पोटातून श्वास घेतला.

“ओये!”

आवाज सुटला. खरोखर सुटला. पुढच्या रांगेतल्या माणसानं कॉफी सांडली, कबुतरं उडाली, एक तान्हं मूल दचकून रडायला लागलं, आणि सगळा चौक एकदम त्यांच्याकडे वळला. इतकी माणसं, इतके चेहरे. प्रमिलाबाईंनी लांबवर सूर्यकांतरावांकडे पाहिलं. टोपी डोक्यावरच होती. उजवा हात मात्र छातीसमोर आला होता, तळवा खाली, आणि सावकाश खाली चालला होता.

आणि आवाज बसला. घसा बसतो तसा नव्हे. वर्गात मुलगा बसतो तसा, सांगितल्याबरोबर. दुसरं ‘ओये’ बँकेतल्या आवाजात आलं, तिसरं त्याहून बारीक. खोडा, मनोरा, स्कोन, सगळं त्यांनी नीट, शुद्ध, सभ्यपणे म्हटलं, आणि ते पुढच्या दोन-तीन रांगांनी ऐकलं. फाटकापाशी परीक्षक कानामागे हात धरून पुढे वाकले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आजीनं प्रयत्न केला म्हणून वाजवतात तशा.

प्रमिलाबाई बटर क्रॉसच्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं आधी कुठलं येऊ द्यावं ते ठरत नव्हतं.

सूर्यकांतराव पाण्याची बाटली घेऊन धावत आले. “काय झालं गं? सुरुवात एवढी फर्स्ट क्लास झाली होती!”

“हात कशाला केलात?”

“कसला हात?”

प्रमिलाबाईंनी करून दाखवला. तळवा खाली.

सूर्यकांतरावांचा चेहरा उतरला. “मी? आत्ता? छे गं. मी टोपीच काढणार होतो.” त्यांनी आपला उजवा हात समोर धरून पाहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. “मला कळलंही नाही,” ते म्हणाले. “खरंच सांगतो. सगळे वळून बघायला लागले आणि हात आपोआप गेला.”

“तुम्हाला माझी लाज वाटते.”

“नाही!” ते जरा मोठ्यानं म्हणाले आणि पायरीवर शेजारी बसले. “लाज कधीच नाही वाटली. भीती वाटायची. तो खालचा म्हातारा दांडा ठोकायचा ना, तेव्हापासून. वाटायचं, आपण इथे कुणाच्या नजरेत येऊ नये, निमूट राहावं, म्हणजे राहू देतील. तुझा आवाज मला आवडायचा प्रमिला. लग्नाआधी तुमच्या घरी आलो होतो तेव्हा तू आतून ‘चहा झाला’ म्हणून ओरडलीस आणि माझ्या हातातला पोह्यांचा चमचा पडला. मी घरी जाऊन सांगितलं, हीच.”

हे प्रमिलाबाईंनी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ऐकून बरं वाटलं, पण राग संपला नव्हता. इतका जुना राग एवढ्याशा गोडव्यानं संपतही नाही.

“आता कसली भीती आहे?” त्यांनी विचारलं.

सूर्यकांतरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. “आता कसलीच नाही. पेन्शन चालू आहे.”

“मग तुम्ही दुसऱ्या फेरीला इथे थांबू नका. टीरूममध्ये जाऊन बसा. चहा प्या. तुमचा हात दिसला की माझा आवाज बसतो, त्याला मी काय करू?”

सूर्यकांतराव बाटली त्यांच्याजवळ ठेवून उठले आणि गर्दीत दिसेनासे झाले. पाठीमागून त्यांचे खांदे इतके पडलेले दिसले की प्रमिलाबाईंना लगेच वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. पण हाक मारून परत बोलवायचं, तर तेवढा आवाज या घटकेला त्यांच्यापाशी नव्हता.

दुसऱ्या फेरीसाठी नाव आलं. वॉल्टरनी त्यांच्या हातात कागद दिला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, “पहिलं ‘ओये’ मी ऐकलंय, मिसेस शेटे. ते कुठे गेलं, शोधा.” कागदावर साधी दवंडी होती: धान्यबाजारात चीज चाखायला मांडलंय, चर्चचा मनोरा उघडलाय, घंटांचे दोर ज्याला ओढून बघायचे त्यानं यावं.

प्रमिलाबाई पायऱ्या चढल्या. बघायचं नाही असं ठरवूनही त्यांनी चौकाच्या पार टोकाला बघितलंच. सूर्यकांतराव टीरूममध्ये गेले नव्हते. ते भोपळेवाल्याच्या गाड्यापुढे उभे होते, आणि त्यांच्या दोन्ही हातांत भोपळा होता. गाड्यावरचा सगळ्यात मोठा. दिवस भरलेल्या बाईच्या पोटासारखा तो त्यांनी कवेत धरला होता, हनुवटी वर टेकवून, तोंड लालबुंद. भोपळेवाला त्यांना काहीतरी समजावत होता, बहुधा खाली ठेवा म्हणून, आणि सूर्यकांतराव मान हलवत होते. दोन्ही हात अडकलेले. आता ते कुठे जाणार?

प्रमिलाबाईंना हसू आलं. आधी ओठांत, मग पोटात, आणि तिथेच खाली कुठेतरी त्यांना आपला आवाज सापडला.

“ओये! ओये! ओऽऽये!”

तिसऱ्या वेळी तो वडिलांच्या पुकाऱ्यासारखा वर चढला आणि वरच राहिला. कबुतरं पुन्हा उडाली, या वेळी परत आलीच नाहीत. प्रमिलाबाईंनी कागदावरचं सगळं सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, जसा वडील एकेका ढिगाचा भाव सुटा करायचे. धान्यबाजारात चीज! चर्चचा मनोरा उघडा! घंटेचा दोर तुमच्या हातात! कुणाला मागे ठेवू नका, म्हाताऱ्यांना हात द्या, पोरांना खांद्यावर घ्या, चला! शेवटचं सगळं कागदावर नव्हतं, पण कागदाला विचारतंय कोण. गॉड सेव्ह द किंगही त्यांनी असं ठणकावून म्हटलं की आजोबांनी स्वर्गात कान झाकले असतील, किंवा कौतुकानं मान तरी हलवली असेल.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. टाळ्या वाजल्याच नाहीत. लोक निघाले. आधी दोघं-तिघं, मग घोळकाच्या घोळका, कुणी धान्यबाजाराकडे, कुणी चर्चकडे, पोरांना खांद्यावर घेऊन. सराईतून अर्धवट बिअरचे पेले घेऊन माणसं बाहेर आली आणि विचारू लागली की कुठे जायचंय. परीक्षकांपैकी एक बाई उभी राहून हातवारे करत ओरडत होती की थांबा, ही स्पर्धा आहे, अजून निकाल लागायचाय. पण तिचं कुणाला ऐकू जाईना. थोड्या वेळानं मनोऱ्यातल्या घंटा बेसूर वाजायला लागल्या, हौशी हातांनी, एकीचा दुसरीला मेळ नाही.

रिकाम्या होत चाललेल्या चौकात वॉल्टर पोट धरून, आवाज न करता हसत होते.

“निकाल लागला,” ते म्हणाले आणि आपल्या हातातली पितळी घंटा त्यांनी प्रमिलाबाईंच्या हातात दिली. आता परीक्षकांच्या सहीची तेवढी औपचारिकता राहिली होती, आणि ती तासाभरात झालीही.

सूर्यकांतराव भोपळ्यासकट चौक ओलांडून आले. त्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण वाजवता येत नव्हत्या. डोळे भरून आले होते आणि तेही पुसता येत नव्हते. “टोपीसुद्धा काढता आली नाही गं,” ते म्हणाले.

“आता ठेवा खाली ते.”

“विकत घेतलाय. भोपळेवाला म्हणाला, एवढा वेळ मिठीत धरलाय तर न्याच.”

पुढचा आठवडा भोपळ्यानं खाल्ला. म्हणजे खाल्ला त्यांनीच, पण भोपळा संपेना. साक्षी किचनरहून आली आणि घारग्यांचे दोन डबे घेऊन गेली. वॉल्टरना घारगे इतके आवडले की त्यांनी त्यावर मेपल सिरप ओतलं, आणि प्रमिलाबाईंनी ते मोठ्या मनानं पाहून घेतलं. मार्गारेटबाईंना भोपळ्याचं भरीत दिलं. त्यांचं हृदय नाजूक असूनही त्या स्पर्धेला आल्या होत्या आणि मनोऱ्याच्या अर्ध्या पायऱ्याही चढल्या होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी प्रमिलाबाईंनी उरलेल्या भोपळ्याच्या पुऱ्या तळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा पहिला शनिवार होता. लाल कोट खुर्चीवर इस्त्री करून ठेवलेला, टोपीच्या आत कापूस घालून ती बसती केलेली, घंटा टेबलावर. पानं वाढून झाली. त्या नेहमीसारख्या जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

बटणावर बोट ठेवून त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात मागे घेतला.

“अहोऽऽ! जेवायला चला!”

भांड्यांच्या शेल्फवर वाट्या किणकिणल्या. खालून उत्तर आलं नाही. पावलंही वाजली नाहीत. प्रमिलाबाईंना वाटलं, घड्याळांच्या टिकटिकीत बुडालेले असतील. त्यांनी पदर खोचला, पुन्हा श्वास भरला, आणि या वेळी हाक अशी गेली की पलीकडच्या घरात मार्गारेटबाईंनी खिडकी उघडून “आले, आले!” म्हणून कळवलं.

तरीही खाली सामसूम. आता मात्र प्रमिलाबाईंना काळजी वाटली. त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि वाकून पाहिलं.

सूर्यकांतराव जिन्याच्या पायथ्याशीच उभे होते. केव्हापासून, कोण जाणे. मान वर, डोळे मिटलेले, आणि उजव्या हातात टोपी, हात पुरेल तितकी उंच धरलेली.

“अहो, ऐकू आलं नाही का?”

“पहिल्या हाकेलाच आलं,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “अजून एकदा मार.”